दस्त्याने प्यायलेले तेल

भाद्रपद वद्य ३, शुक्रवार

ज्याच्या कृपेने या वयातही हात थरथरत नाहीत आणि चष्म्याने का होईना पोथीचे अक्षर दिसते, त्या नारायणाला प्रथम वंदन. मग आजची नोंद.

निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक आज आमच्या तालुक्याच्या गोरेगावहून आणली. धानाच्या रोवणीच्या गडबडीत उशीर माझाच. वडिलांच्या वेळची ठासणीची एकनळी. रानडुकरांपासून धान राखण्याचा परवाना. शिपाई हाती देताना म्हणाला, "पाटील, दस्ता तं हालून राहिला जी. चालवू नका, तोंडावर येईन."

हालतो हे मला कित्येक वर्षांपासून ठाऊक. यंदा दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी स्वहस्ते साफ करण्याचा संकल्प. सौ. म्हणाली, "पितरपाखात लाकूड खरडत बसता? काऊन, दुसरे दिवस सरले का?" वडिलांची वस्तू, पितरांचाच पंधरवडा. मला तर उचित वाटते.

भाद्रपद वद्य ५, रविवार

नळी काढून कपाटात कुलपात ठेवली. मागचा लाकडी दस्ता ओसरीवर. फुटक्या काचेच्या धारेने खरडणे आरंभिले. वर शेंदूर, खाली कुंकू, त्याखाली काजळासारखा चिकट थर. इतक्या दसऱ्यांची पूजा एका लाकडावर! आम्हा पोवारांच्या घरी त्या दिवशी शस्त्रे पाटावर मांडतात, भाऊबंद जमतात. वडील तेलाचा एक थेंब लावीत. मी भक्तीच्या भरात पळीभर तीळतेल आणि वर तूप सोडू लागलो. खरडताना जुन्या धुपाचा वास आला. मन भरून आले.

सौ. : "आंगन लाल करून ठेवलं. हे कोन झाडन? देव येईन का झाडाले?" मीच झाडले.

भाद्रपद वद्य ७, मंगळवार

आज जे दिसले ते लिहिण्यास हात धजत नाही. लिहितो.

खांद्याला टेकतो तो मागचा भाग स्वच्छ झाला. बीजाचे, म्हणजे बिबळ्याचे, लाकूड, तांबूस, नख रुतत नाही. पण घोड्याभोवती, जिथे टिळा लावून तेल सोडतो, तिथे सुरी साबणात जावी तशी गेली. काळे, ओलसर, लिबलिबीत. स्क्रू धरणार कशाला? एकाच लाकडाचे एक टोक वज्र आणि दुसरे असे का? दोन्ही टोके पुन्हा पुन्हा चाचपली. मग उमगले. जिथे माझी पूजा पोहोचली तेवढेच कुजले.

आणि दोष मी कोणाला दिला? वडिलांच्या पश्चात मूळ दस्ता मचाणावरून पडून फुटला, तेव्हा आमच्याच गावच्या सुखराम मिस्त्रीने हा नवा घडविला. पुढे हालू लागला. एका दसऱ्याला सर्व भाऊबंदांसमोर मी म्हणालो, "मिस्त्रीने कच्चे लाकूड दिले." एवढेच वाक्य. मी पोथी सांगणारा माणूस. माझे बोलणे लोक खरे धरतात. त्यानंतर आमच्या लोकांपैकी कोणी त्याला ना चौकट दिली, ना वखर. वर्षभरात तो बायकोच्या माहेरी, नवेगाव बांध या गावी निघून गेला.

वाणीचा संयम यावर मी किती प्रवचने केली असतील!

भाद्रपद वद्य ९, गुरुवार

एस.टी.ने नवेगाव बांध. दस्ता धोतरात गुंडाळून मांडीवर. सुखराम तलावाच्या काठी मासेमारांचे डोंगे घडवतो. केस पांढरे, लाकूड तासायचा वाकस मात्र तसाच चालतो. मला पाहून थांबला नाही.

"कोन? पाटील? बसा. सावलीत बसा, तुमाले ऊन लागन."

दस्ता हाती घेतला, हुंगला, आणि मोठ्याने हसला. "याले तेल पाजलं जी तुमी! देवाले निवद कमी, लाकडाले जास्त."

मी हात जोडले. म्हणालो, सुखरामभाऊ, तुमच्या लाकडाला मी कच्चे म्हटले. लाकूड खरे होते. चूक माझी.

हसणे थांबले. वाकसाचे चार घाव घातले, मग म्हणाला, "हे मले कायले सांगता? मले तं तवाच मालूम होतं. जिथं बोललात, तिथं सांगा."

आतून त्याची बायको : "रिकाम्या पोटी माफी कायले मागून राहिले ते? चहा मांडला, घ्या म्हना."

चहा घेतला. एवढे होऊनही सुखरामने मला दाराबाहेर काढले नाही. उलट शिकवले : मुलतानी मातीचा जाड लेप, कडक ऊन, माती तेल ओढून घेईल, खरडून पुन्हा लेप. "आठ दिवसानं आना. सडला तेवढा भाग काढून बीजाचा तुकडा बसवून देतो."

हे ऋण कोणत्या तोंडाने वर्णावे?

भाद्रपद वद्य १२, रविवार

तिसरा लेप. सकाळी पांढरट लावतो, दुपारी पिवळा होतो, संध्याकाळी तपकिरी. माती इतके ओढते! तेवढ्यात ढग. सौ. स्वतः धावत जाऊन दस्ता आत घेऊन आली. तिला सर्व सांगितले आहे. म्हणाली, "मंग दसऱ्याले सांगान का भावकीत?" मी लेपाची वाटी उचलून आत आणली.

आश्विन शुद्ध २, शुक्रवार

घट बसले. आज पुन्हा नवेगाव. सुखरामने काळा भाग पटाशीने काढला आणि त्या जागी नवा तुकडा असा बसवला की सांधा बोटाला लागत नाही. मग वाटीत जवसाचे तेल.

मी दचकलो. पुन्हा तेल?

"हे सुकते, पाटील. लाकडात शिरून घट्ट होते. तुमचं दिव्याचं तेल जलमभर ओलंच राहते." चिंधीने चार थेंब, तळव्याने घासायचे, ऊब येईस्तोवर. दोन दिवसांनी पुन्हा. "अन् पूजेले फुलं वाहा. फुलानं लाकूड नाही सडत."

दसऱ्याला घरी येण्याचे आमंत्रण दिले. "पाहू," एवढेच.

आश्विन शुद्ध ६, बुधवार

जवसाच्या तेलाचा तिसरा हात. लाकडात आतून उजेड असावा तशी कांती. देवाचे उपकार.

पण मन स्थिर नाही. भावकीत बोललो तर उद्या माझ्या पोथीला कोण बसेल? न बोललो तर ती कोणत्या तोंडाने सांगू? जपात दोनदा माळ चुकली.

आश्विन शुद्ध १०, शनिवार, विजयादशमी

नळी चढवली. तसूभर हालत नाही.

भाऊबंद जमले. चुलतभाऊ सवयीने तेलाची पळी घेऊन पुढे झाला. मी त्याचा हात धरला. म्हणालो, थांब. मग उभा राहून सर्व सांगितले, जसे घडले तसे. लाकूड पक्के होते. सुखरामवर मी खोटा आळ घेतला. कुजवले ते मी.

चुलतभाऊ म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, जुनी गोष्ट, आता कायले काढता?" सौ. दारातून : "काढू द्या. तुमचीच चौकट त्याच्या हातची हाय, अजून दार अडकत नाही तुमचं." कोणी हसले. त्या हसण्याने मला धीर आला.

दस्त्यावर झेंडूची फुले व अक्षता वाहिल्या.

सुखराम आला नाही. दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. निघताना चुलतभाऊ हळूच म्हणाला, "नातवाच्या घरासाठी चौकटी पायजे. येईन का तो?" मी म्हणालो, माझ्याने सांगवत नाही, तू स्वतः जाऊन विचार. उद्याच्या एस.टी.ने दोघे जात आहोत. सुखराम हो म्हणेल की वाकस चालवीत राहील, त्याचे त्याला ठाऊक. दोन्हींचा त्याला अधिकार आहे.

हे पान कधी कोणी वाचलेच, तर त्या वाचणाऱ्याच्या बांधीत धान भरो, घरात आजार न येवो. आणि आपले खोटे पडलेले शब्द चारचौघांत परत घेण्याइतके आयुष्य व बळ नारायण सर्वांस देवो.