फेजोआंचं खोकं

प्रिय लॅकी,

काल तुझ्या त्या पक्ष्यांच्या बेटावर जाऊन आले. एकोणीस वर्षांनी. तू म्हणशील, ताईला या वयात काय सुचलंय! सांगते, पण एकदम मुद्द्यावर यायची माझी छाती नाही, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं.

धक्क्यावरची तपासणी तुझ्या वेळेपेक्षा कडक झाली आहे. मेरेआना नावाच्या वाटाड्या पोरीनं माझी पिशवी टेबलावर पालथी केली, सँडविचचा डबासुद्धा उघडायला लावला, आणि हातात ब्रश देऊन म्हणाली, "आजी, बुटांचे तळवे नीट घासा, आळस नको. एक उंदीर आत गेला की संपलं." मी दोन्ही तळवे दोनदा घासले. मला त्या टेबलाशी पूर्वी कुणी थांबवलंच नव्हतं. रेंजरची बहीण म्हणून सगळे हसून हात करायचे आणि मी सामानासकट थेट होडीत.

टीएके पक्षी आता इतके झालेत की वाटेत आडवे येतात. तेच काळेभोर अंग, पाठीवर खोगीर घातल्यासारखा विटकरी रंग आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. तू म्हणायचास, अगदी आमच्या नायरीताईसारखे. मला हसू आलं. मग ओढ्यापाशी, जिथल्या पोकळ खोडांत तू मला घरटी दाखवली होतीस, तिथे मेरेआना थांबली. म्हणाली, "इथे एकदा घात झाला. रेंजरनं सामान न तपासता आत येऊ दिलं, त्यातून उंदीर आला. त्यानं अकरा आठवड्यांत सव्वीस टीएके मारले." आमच्या गटातले एक गृहस्थ फणकारले, "असल्या बेफिकीर माणसाला ठेवतात कशाला?" मी त्यांच्याकडे पाठ करून खोडांकडे गेले. त्या खोडांजवळ मला पक्षी ऐकूच येईनात, नुसता कागद कुरतडल्याचा आवाज. तो आवाज गेली एकोणीस वर्षं येतो रे. भर दुपारी, चहा ओतताना, चर्चमध्येसुद्धा.

तुझा चाळिसावा वाढदिवस होता. परसातल्या फेजोआंचं, तुझ्या त्या आवडत्या हिरव्या फळांचं खोकं मी जुन्या वर्तमानपत्रांत बांधून चार दिवस गॅरेजमध्ये ठेवलं होतं. "ताई, निघण्याआधी बंद खोलीत उघडून पाहिलंस ना?" तू विचारलंस. "हो रे बाबा, तुझे नियम मला पाठ आहेत," मी म्हटलं. पाहिलं नव्हतं. तुला चकित करायचं होतं, म्हणून बेटावर तुझ्या ओसरीवरच उघडलं. कागदांतून तपकिरी काहीतरी उडी मारून पायरीखाली गेलं. शेपूट मी स्पष्ट पाहिली. पाल असेल, असं स्वतःला बजावलं आणि तुला केक कापायला हाक मारली. तेव्हाच बोलले असते तर तू त्याच दुपारी सापळे लावले असतेस. चौकशीत तू म्हणालास, जबाबदारी माझी. नोकरी गेली, बेट सुटलं, तू पर्थला निघून गेलास. तिथे तू पक्ष्यांचं नावही काढत नाहीस, असं तुझी बायको सांगते. मला फार लाज वाटते, लॅकी.

आज सकाळी बेटाच्या कचेरीला सगळं लिहून, खाली सही करून पत्र टाकलं. मेरेआनानं यापुढे ओढ्यापाशी रेंजरऐवजी माझं नाव घ्यावं, असंही लिहिलंय. तुला मुद्दाम नंतर कळवतेय. आधी कळवलं असतं तर तू "जाऊ दे ताई" म्हणाला असतास आणि मी ते आनंदानं ऐकलं असतं. आता एकच विचारायचंय. पहिला मेलेला पक्षी सापडला तेव्हा मी पुन्हा तुझ्याकडे आले होते. ते खोकं सरपणाच्या खोपीत पडलं होतं. चौकशीची माणसं यायच्या आधी तू ते कागदांसकट चुलीत घातलंस, मला हात लावू दिला नाहीस. कागद कुरतडलेले होते, मी पाहिले होते. तूही पाहिले होतेस ना? मग इतकी वर्षं दर रविवारी फोनवर माझ्याशी हसून कसा बोललास?

तुझीच,
नायरीताई