बास नव्हे, बस

बाबा, आज सकाळी मी माशांच्या टँकचं पाणी बदललं आणि फरशीवर एक थेंब सांडला नाही. वर तीर्थरूप वगैरे लिहिलेलं नाही, हात धजला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा तुम्हीही रागवणार नाही. रागवायचं काम आता माझ्याकडे आहे. टँक माझ्या नवऱ्याने आणला. तो टहरौलीचा, बुंदेलखंडी माणूस, तुम्ही असतात तर त्याला दारातूनच परत पाठवला असतात. मी म्हटलं होतं, या घरात मासे नकोत. तो म्हणाला, "अरे, पानी मैं बदल दूँगा, तुम्हें क्या करना है." पण पाणी बदलायचं म्हटलं की मला दुसऱ्याच्या हातात नळी बघवत नाही. आधी हीटरचं आणि पंपाचं बटण बंद. टँकखाली जुनी जाड चादर चौपदरी. बादली अर्ध्यावर आली की थांबायचं, मग ती कितीही हलकी वाटो. पाऊण टँक तसाच ठेवायचा, नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असायला हवं, आणि ते ओतताना खाली बशी धरायची म्हणजे खडे उसळत नाहीत. यातलं निम्मं तुम्हीच शिकवलंत. बादली अर्धीच भरायची, हे मात्र तुम्ही शिकवलं नाहीत. ते शिकवलं असतंत तर आईचा उजवा हात आज सरळ असता. त्या हाताचा दोष कोणाचा, एवढंच मला बोलायचं आहे.

कारखान्याच्या क्वार्टरमधल्या बाहेरच्या खोलीत तो टँक होता. लोखंडी स्टँड तुम्ही स्वतः नकाशा काढून करून घेतला होतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो वजन कसं पेलतो ते ऐकावं लागायचं. दर रविवारी नाश्ता झाला की आपण दोघं. तुम्ही नळी तोंडाने ओढून पाणी खाली आणायचात, थुंकायचात, टोकावर अंगठा दाबून ते माझ्या हातात द्यायचात आणि स्टुलावर चढून दुसरं टोक खड्यांतून फिरवायला लागायचात. मी खाली बादलीपाशी. तुम्ही "बास" म्हणालात की मी नळी दुमडून घट्ट धरायची, तुम्ही वरचं टोक बाहेर काढायचं, आणि बादली अंगणातल्या गुलाबांना. मग दुसरी बादली. बादली किती भरली ते मी बघायचं नाही, तुम्ही बघणार. "तुला अंदाज नाही. मी सांगेन तेव्हा." बादली काठोकाठ भरायला आली की मगच सांगायचात, कारण दोन बादल्यांत काम उरकतं तिथे तीन कशाला. मला हे आवडायचं, खरं सांगते. आठवड्यातून तेवढा एक तास तुम्ही माझ्याशी कामाचं बोलायचात. बाकी वेळ माझी मराठी दुरुस्त करायचात.

ती तर तुमच्या डोळ्यांत सलायची. तुम्ही साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, आणि आई झाशीतल्या जुन्या मराठी घरातली, सात पिढ्या इथेच. तिचं बोलणं ऐकून तुमचे कारखान्यातले मित्र हसायचे आणि तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. ही झाशीची मराठी, असं म्हणून तिच्या वाक्यांची नक्कल करायचात. तिने ती कधी मनावर घेतल्याचं दाखवलं नाही, फक्त चारचौघांत बोलणं कमी केलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. बाल्टी नाही, बादली. छत नाही, गच्ची. मी शाळेतून येऊन दिवसभराचं काही सांगायला लागले की तुम्ही मधेच एक शब्द पकडायचात, आणि सांगायचं होतं ते राहून जायचं.

त्या रविवारच्या आदल्याच आठवड्यात काका आले होते. त्यांनी विचारलं, शाळा कशी आहे. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "खूप छान. आमच्या शाळेत सगळ्यांना चांगली शिक्षा देतात." काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, या पोरीला रोज मार खायला पाठवतोस काय?" तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं खरंच मार बसणार. मारलं नाहीत. ते गेल्यावर समोर बसवलंत आणि शांतपणे, मास्तरासारखं सांगितलंत, की बाहेर काय बोलायचं ते बोल, पण या उंबऱ्याच्या आत शब्द कानावर पडला की त्याचा मराठी अर्थ घ्यायचा. आधी मराठी. शिक्षा म्हणजे दंड. चेष्टा म्हणजे थट्टा, प्रयत्न नव्हे. बास म्हणजे पुरे. आणि बस म्हणजे खाली बस. "हे शेवटचं खास तुझ्यासाठी. तू आणि तुझी आई, दोघी ताटावर बस बस करता. आपल्यात पाहुण्याला बस म्हटलं तर तो पाटावर बसतो." मग ते सगळं मला रोज वहीत दहा-दहा वेळा लिहायला लावलंत. मी अकरा वर्षांची होते. ते लिहिताना आई दोनदा खोलीत येऊन गेली.

आणि मग तो रविवार. आई त्या दिवशी खुशीत होती, हे तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. सिविल लाइंसमधल्या क्लासात जाऊन जाऊन तिने हिंदी टायपिंगची परीक्षा काढली होती, एका ऑफिसात तिची निवड झाली होती, आणि पंधरा दिवसांनी तिला हजर व्हायचं होतं. सकाळपासून ती पोळपाटावर बोटं आपटून सराव करत होती. आपण टँकशी. तुम्ही स्टुलावर, पाठ माझ्याकडे, नळी खड्यांत. बादली भरत आली. तुम्ही मान वळवून एकदा बघितलंत आणि म्हणालात, "बस." ओरडला नाहीत, घाई नव्हती, रोजच्या आवाजात. आणि पुन्हा टँककडे वळलात, कारण तुम्ही सांगितलं म्हणजे ते झालंच असणार. मी बसले. नळी बादलीत तशीच. पाणी काठावरून उतरलं, फरशीवर पसरलं, आणि स्वयंपाकघराकडे उतार होता तिकडे गेलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली, मोझॅकवर तिचा पाय सटकला, आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाचा आवाज मी ऐकला. तुम्ही स्टुलावरून उतरलात ते आधी माझ्याकडे आलात. "नळी का नाही धरलीस? बास म्हणालो ना?" मी म्हणाले, "तुम्ही बस म्हणालात." तुमचा हात उठला होता, तो तुम्ही खाली घेतलात. "मी बास म्हणालो. मला मराठी शिकवू नको."

हाड वाकडं जुळलं. प्लास्टर निघालं तरी दोन बोटं पुरती मिटेनात. ऑफिसातून एकदा विचारणा आली, मग दुसऱ्या कोणाला घेतलं. तुम्ही म्हणालात, देवाच्या मनात नव्हतं, आता घराकडे तरी लक्ष राहील. बाबा, हे वाक्य म्हणताना तुमच्या आवाजात जी सुटका होती ती मला त्या वयातही कळली. आणि त्यानंतर बारा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, कोणी आईच्या हाताबद्दल विचारलं की तुम्ही माझ्याकडे बोट करायचात. "हिचा वेंधळेपणा. एवढीशी नळी धरता आली नाही." पाहुण्यांसमोर, काकांसमोर, मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या आईसमोरसुद्धा. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, आणि तरी चहाच्या वेळी ती नळी निघायचीच. मी एकदा, फक्त एकदा, विसाव्या वर्षी म्हणाले, की वरचं टोक तुमच्या हातात होतं, ते पाण्याबाहेर काढलं असतंत तर तिथल्या तिथे सगळं थांबलं असतं. इतकी वर्षं यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? तुम्ही पेपर उघडलात. मी तुमच्या एका वाक्याची वाट बघत आयुष्य काढलं, की तुम्ही म्हणाल, "चूक माझी होती." ते तुमच्या तोंडून आलं नाही. शेवटच्या आजारातही तुम्ही नर्सला सांगितलंत, की ही मुलगी चांगली आहे पण थोडी वेंधळी आहे, औषध तुम्हीच द्या.

आता हे ऐका. गेल्या महिन्यात नवऱ्याने हट्टाने एकदा नळी वर धरली आणि मी खाली बादलीपाशी होते. आई सोफ्यावर. ती आता माझ्याकडेच असते. बादली अर्ध्यावर आली आणि तो म्हणाला, "बस जी, बस." मी नळी दुमडली. आणि आई सोफ्यावरून, भाजीचं काही सांगावं तशी, म्हणाली, "त्या दिवशी ते पण बसच म्हणाले होते. बास नाही. मी आतून ऐकलं होतं." माझ्या हातातली नळी तशीच राहिली. मी विचारलं, मग तू इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून का बसलीस? ती म्हणाली, "काय सांगू? बस माझ्या माहेरचा शब्द. आमच्यात पुरे झालं की बसच म्हणत. सोळा वर्षं माझ्या हातचं जेवून जेवून त्यांच्या जिभेवर तो बसला होता, त्यांनाच कळलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, तूच घराची भाषा बिघडवलीस, तूच हात मोडून घेतलास. आणि तू सांगितलंसच होतं, त्याचं काय झालं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी चूक नव्हती बेटा. मला पहिल्यापासून ठाऊक आहे." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवरा बाहेरून विचारत राहिला, क्या हुआ. आईने त्याला सांगितलं, रडू दे, किती वर्षांचं आहे.

म्हणजे मी जिंकले, बाबा. साक्षीदार मिळाला. ज्यांची मराठी शुद्ध, ज्यांनी बायकोच्या बोलण्याची टिंगल केली, त्यांच्याच तोंडी तिचा शब्द होता आणि तो कबूल करायला नको म्हणून त्यांनी पोटच्या पोरीला बारा वर्षं वेंधळी म्हटलं. हे तुम्हाला ऐकवायचं म्हणून मी आज सकाळी पाणी बदलून झाल्यावर लिहायला बसले. इतकं लिहिलं. आणि आता पुढे जाता येत नाही, कारण ज्या एका गोष्टीसाठी आई मला निर्दोष समजते ती गोष्ट तशी नाही.

मला कळलं होतं. तुम्ही बस म्हणालात आणि त्याच क्षणी मला कळलं, की पुरे, नळी धर. आईच्या हातचं जेवणाऱ्या मुलीला बस म्हणजे काय ते कळायला वेळ लागतो का? पण आठवडाभर माझी वही त्या शब्दांनी भरली होती, बोटं दुखत होती, आणि तुम्ही स्वतःच चुकलात. इतका आनंद मला क्वचित झाला असेल. मी नीट मांडी घालून बसले. शहाण्या मुलीसारखी. तुम्ही वळाल, ओलं बघाल, विचाराल, आणि मी म्हणेन, तुम्हीच सांगितलं ना, आधी मराठी. मला एवढंच हवं होतं. तुमची फरशी ओली व्हावी आणि तुमची फजिती. पाणी काठावरून गेलं ते मी बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं तेही बघितलं. आतून कपबशांचा आवाज आला तेव्हा मी ओरडायला हवं होतं. मी तुमच्या पाठीकडे बघत होते, की हा माणूस आता वळेल, आता वळेल.

यामुळे तुम्ही सुटत नाही. वरचं टोक तुमच्याच हातात होतं, आणि अकरा वर्षांच्या पोरीवर टाकलेलं ते ओझं तुमचंच होतं. पण हे पत्र आता कुठे ठेवू हेही कळत नाही, आई डोळ्यांवर चष्मा चढवून सगळं वाचते. मघाशी ती इथे येऊन उभी राहिली, डाव्या हाताने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं काय लिहितेस, तर मी म्हटलं, ऑफिसचं. तुम्ही खोटं बोललात, बाबा, आणि मीही. फरक एवढाच, की तुमचं खोटं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं तिला ठाऊक नाही, आणि मी ते सांगणार नाही.