सहा जणांचं टेबल

२ नोव्हेंबर, रविवार
नाताळला लिओनी येतेय, नवरा आणि तिन्ही मुलांना घेऊन. तिची आई, माझी मॉरीन, गेल्यापासून पहिल्यांदाच. लेकीसाठी स्वतःच्या हाताने सहा जणांचं टेबल करणार. मॉरीनने तिच्या वडिलांच्या बोटशेडमधून आणलेली ह्यूऑन पाइनची लांबरुंद, सुवासिक फळी पलंगाखाली आहेच. "एक दिवस हिचं टेबल कर," म्हणायची. आधी रंधा निवडायचा, नवा की जुना. शास्त्रशुद्ध तुलना करणार.

५ नोव्हेंबर
नवा रंधा होबार्टहून आला. माहितीपत्रक टाकून दिलं. जन्मभर सफरचंदाच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादमी केली, मला कोण शिकवणार? सगळा खोलला, पुसला, जोडला. चालवला तर उड्या मारतो, लाकूड ओरबाडतो. आजकालचा माल!

९ नोव्हेंबर
सिग्नेटच्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून जुना रंधा घेतला. म्हणाला, धार लावून बसवलाय, उगाच खोलू नका. घरी आल्याबरोबर खोलला, गंज काढला, पुन्हा जोडला. हाही ओरबाडतो. म्हाताऱ्याने गंडवलं.

१४ नोव्हेंबर
फळीचं एक टोक पार उकरलं गेलं. कापून टाकलं. आता छोटं, बैठं टेबल. पोरं तशीही जमिनीवर बसून खातात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारचा डेस कुंपणावरून म्हणाला, अरे वॅली, चल की मेन्स शेडला. सगळे म्हातारे सुतारकाम करायला जमतो, रंधेपण घेऊन ये, चहाबरोबर लॅमिंग्टन केक असतात. एकटा काय खरडत बसतोस? म्हटलं, संशोधन चाललंय, गप्पांना वेळ नाही. तो बराच वेळ कुंपणाशी उभा होता. मीही.

३० नोव्हेंबर
निष्कर्ष: नवा उर्मट, जुना हट्टी. आणखी थोडी फळी कापावी लागली. स्टूल करतो. भक्कम स्टूल कुठे मिळतं हल्ली?

७ डिसेंबर
लिओनीचा फोन. बाबा, यंदा आम्ही ॲडलेडला, सासूबाईंकडे. तुम्हीच या ना तिकडे. म्हटलं, कसं जमेल? टेबलाचं काम आहे. तिने विचारलं, कुठलं टेबल? म्हटलं, काही नाही गं. एका परीने बरंच झालं, घाई टळली. रात्री जेवावंसं वाटलं नाही.

२५ डिसेंबर
चष्मा न लावता जुना रंधा जोडला, पातं उलटं बसलं. आणि रंधा सरसर सरकला! लांब, सलग, सोनेरी छिलका निघाला. नव्याचंही पातं तसंच बसवलं. तोही चालला. म्हणजे एवढे दिवस दोन्हींची पाती मीच उलटी बसवत होतो. ठरवलं, हे कोणाला सांगायचं नाही. मग वाटलं, कोणाला तरी सांगावंच. छिलका घेऊन कुंपणाशी गेलो. डेसकडे कुलूप, मुलाकडे गेलाय.
स्टुलापुरतंही लाकूड राहिलं नव्हतं, उरलेल्या तुकड्याची पाव कापायची फळी झाली. मॉरीनच्या कपाटासारखा वास येतो. त्या फळीवरच हॅम सँडविच ठेवून व्हरांड्यात खाल्लं. एका माणसाला बरोबर पुरते.