तुझ्या नावाची हजेरी

दि. १४ फेब्रुवारी १९७३

प्रिय गहिनीनाथ,

तुला आशीर्वाद. पत्र फार उशिरा लिहितो आहे, राग मानू नकोस. तुझा पत्ता मला झेंडावंदनाच्या दिवशीच मिळाला. दुसऱ्या दिवशी पोस्टातून पाकीट आणलं, पण ते देवळीत ठेवायचं, काढायचं आणि पुन्हा ठेवायचं, असंच चाललं. एरवी मी सांगतो आणि रंगनाथ गुरुजी लिहून देतात. या वेळी त्यांना सांगण्यासारखी गोष्ट नाही. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर वाकडं, तेव्हा सांभाळून वाच.

इकडची हालत तुझ्या कानावर असेलच. विहिरीत दगड दिसतात. बैलजोडी घोडेगावच्या बाजारात देऊन आलो. परत येताना रिकामा कासरा खांद्यावर होता, तो अजून खुंटीलाच आहे, काढावासा वाटत नाही. तुझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते, मी तिथेच मजुरांना पाणी वाटतो. तिच्या उजव्या डोळ्यात कपची उडाली. दवाखान्यात चल म्हटलं की रविवारी बघू म्हणते, आणि रविवारी म्हणते आज बरा आहे. डोळा लालच आहे. मला रात्रंदिवस त्याचाच घोर. तू लहान असताना तुझे कान फुटायचे, ते आता कसे आहेत? थंडीत कानाला फडकं बांधत जा. ओझं वाहताना घाम येतो आणि मग वारं लागतं.

ओझ्याचं लिहून गेलो. खोडत नाही. ते पुढे येणारच होतं.

आता शाळेची हजेरी सांगतो. दुष्काळामुळे गुरुजी यंदा ती घेणार नाहीत असं वाटलं होतं, पण कामावर सुट्टी, म्हणून उलट मैदान भरलं. तुला आठवत असेल, झेंडा झाला की जुनी पोरं आपापल्या वर्गाच्या रांगेत मांडी घालून बसतात, गुरुजी जुनी नावं पुकारतात. जो आला असेल तो हजर म्हणतो आणि काय करतो ते सांगतो. जो नाही त्याच्या वतीनं घरचं माणूस उठून सांगतं. तुमच्या वर्गातली रोझी मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर झाली. पांढरे बूट घालून आली होती. तिची आई एलिझाबेथ मातीत बसलेली, पण पोरीचे बूट मळू नयेत म्हणून पदरानं पुसत होती. राधाकृष्ण श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात ओव्हरसियर आहे, जीपमधून आला. त्याला पोट सुटलंय. गुरुजी म्हणाले, "राध्या, ऊस तू मोजतोस का खातोस?" तोही हसला.

कानिफनाथाचं नाव आलं. तोच, तुझ्याबरोबर बाभळीच्या शेंगा विकून पाटीवरची पेन्सिल आणायचा तो. उभा राहिला आणि केवढ्यानं ओरडला, "हजर! खडी फोडतो, गुरुजी! दगड लई कडक हाय, पन मी बी कडक हाय!" सगळं मैदान हसलं. रोझीला वाजल्या नाहीत एवढ्या टाळ्या त्याला वाजल्या. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

मग तुझं नाव. तू मॅट्रिकला दुसऱ्यांदा राहिलास, त्याच्या पुढच्या झेंडावंदनाला घरात बसून होतास. हजेरीला काय सांगू, असं आईला म्हणालास आणि त्या उन्हाळ्यात गेलास. मुंबईहून एक कार्ड आलं, पुढे काही नाही. तेव्हापासून दरसाल तुझं नाव येतं, गुरुजी थोडं थांबतात, मी खाली बघतो, ते पुढे जातात. यंदाही थांबले. माझ्या मागून कुणीतरी हळू बोललं, "आसारामाचं पोरगं हाय का न्हाई देवाला ठावं." गहिनी, ते ऐकलं आणि माझं मला कळायच्या आत मी उठून उभा. हजर, म्हणालो.

एवढंच म्हणून बसायला हवं होतं. पण गुरुजींना इतका आनंद झाला की चष्मा काढून म्हणाले, "आसाराम, अरे कुठं असतो पोरगा? काय करतो?" तोंडातून एक शब्द गेला होता, दुसरा द्यावाच लागला. मी म्हणालो, पिंपरीला कारखान्यात फोरमन आहे. फोरमन म्हणजे काय ते मला नीट माहीतसुद्धा नाही. राधाकृष्णाच्या तोंडून तो शब्द नुकताच ऐकला होता.

टाळ्या वाजल्या. तुमच्या रांगेत सगळ्यांत पुढे बसलेला मोझेस तेवढा वाजवत नव्हता. तो आता ट्रक चालवतो. पांगापांग झाल्यावर त्यानं मला चिंचेखाली गाठलं. म्हणाला, "तात्या, गहिनी पुण्यात भवानी पेठेत पोती उतरवतो. माझी गाडी त्यानंच खाली केली. गावात बोलू नको म्हणालाय, म्हनून मी गप्प बसलो." पत्ता सांगितला. तू त्याला जेवू घातलंस, पैसे देऊ दिले नाहीस, तब्येत बरी आहे, हेही सांगितलं. मी तिथेच खाली बसलो. मोझेसला वाटलं मला वाईट वाटलं. नाही रे. तू आहेस, जेवतोस, दुसऱ्याला जेवू घालतोस, एवढं मला आधी कळलं असतं तर मी मैदानात दुसरं काही बोललोच नसतो.

आता घरात काय झालं बघ. आईनं बायकांकडून ऐकलं. मला म्हणाली, "तुमालाच कसं कळवलं पोरानं? मला का न्हाई? दाखवा पत्र." पत्र कुठून दाखवू? पोस्टमननं वाचून दाखवलं आणि ते माझ्याकडून हरवलं, असं म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, घरातली गाठोडी सोडून ते पत्र शोधत राहिली. पण कामावर खडी फोडताना सगळ्यांना सांगते, आमचा गहिनी फोरमन हाय. लाल डोळा पुसत सांगते. तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या लंकाबाईनं तुझ्या लग्नासाठी आपल्या पुतणीचं नावसुद्धा काढून ठेवलंय.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण परवा कानिफनाथ घरी आला. शिवरात्र झाली की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो पिंपरीला निघतो आहे. म्हणाला, "तात्या, गहिनी फोरमन असल्यावर मला दारात झाडू तरी मारायला ठेवील." बायकोला आणि लेकराला माहेरी पाठवणार आहे, दुष्काळी कामावरचं नाव काढून टाकणार आहे. एकदा नाव काढलं की परत लागायची खात्री नाही. तुझ्या आईनं त्याच्याजवळ तुझ्यासाठी तिळाचे लाडू द्यायचे ठरवलंय, तीळ कुठून आणले देव जाणे. तो एकेका कारखान्याच्या फाटकावर उभा राहून तुझं नाव पुकारील आणि कुणी हजर म्हणणार नाही. त्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण तू मोझेसला गावात बोलू नको म्हणाला आहेस. तुझी गोष्ट तुला न विचारता मी एकदा सांगितली, ती खोटी सांगितली. आता खरी तरी तुला विचारून सांगावी म्हणून हे पत्र. तू हो म्हण. मी कानिफनाथाला सांगतो, आईला सांगतो, गुरुजींनाही सांगतो, मग लोक काय हसायचे ते मला हसोत. तुझ्या पेठेत आणखी एका माणसाला काम असलं तर तेही कळव, त्याला तिकडेच पाठवीन, लाडू घेऊन. शिवरात्रीपर्यंत काहीच आलं नाही तर मला तुझ्या परवानगीशिवाय बोलावं लागेल, आणि तू आणखी लांब जाशील या भीतीनं मला झोप नाही. लांब लिहू नकोस. कार्डावर हजर एवढं एकच लिही, मी त्याचा अर्थ हो असा घेईन. आईला दाखवायला माझ्याजवळ खरं पत्रही होईल. पण लवकर टाक रे, पोस्टमन आपल्याकडे एक दिवसाआड येतो.

तुझाच,
तात्या