इंजिनाला पाजलेलं नारळाचं पाणी

बाबा, तुमच्या लेकाने तुमची गाडी भंगारात द्यायला काढली होती आणि त्याला कारण तुम्हीच. तो नाही, मी नाही, तुम्ही. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा हट्ट आम्हीच निस्तरायचा का? आईला घेऊन हॉस्पिटलात निघाले, तर लालबागच्या पुलावर गाडी आचके द्यायला लागली. पिकअप नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतोय, मागून हॉर्नवर हॉर्न. आई म्हणते कशी, "ह्यांनाही शेवटी असाच दम लागायचा." कशीबशी गाडी चाळीखाली आणली. भावाने फोनवरच निकाल लावला, "इंजिन बसलं असणार, ताई. रविवारी भंगारवाला पाठवतो. आईला टॅक्सी करत जा." टॅक्सी करत जा म्हणे! आईचे गुडघे वाकत नाहीत, तुमच्या गाडीची पुढची सीट सोडली तर ती कशातच बसत नाही. गाडी गेली की तिचं हॉस्पिटल बंद, बाहेर पडणंच बंद. खिडकीत बसून राहणार.

म्हणून मी भायखळ्याला गेले, तुमच्या त्या ख्रिश्चन दोस्ताकडे. शिवडीच्या गोदामात तुम्ही दोघं ट्रकवर होतात, तो. आता त्याचे हात थरथरतात, पाना धरवत नाही. पण आला. चाळीखाली स्टुलावर बसला आणि हुकूम सोडायला लागला. इंजिन चालू ठेवून मला एकेका कॉईलचा कनेक्टर काढायला लावला. प्लगला ठिणगी देतात त्या कॉईल, तुम्हाला काय सांगायचं. पहिलीचा काढला, इंजिन आणखी अडखळलं. दुसरीचा काढला, तेच. तिसरीचा काढला, काही फरकच नाही. "तीच मेली," तो म्हणाला. "जी नसली तरी चालतं ती मेलेली. माणसांचं पण तसंच असतं, बाय." मी म्हटलं, "अंकल, प्रवचन नको, पाना कुठला ते सांगा." "दहा नंबर. बापासारखीच तुसडी तू."

इंजिन बंद केलं, बोल्ट काढला, कॉईल जराशी फिरवून वर खेचली. खालचं रबर कुजलेलं. प्लगच्या खड्ड्यात पिवळट, चिकट पाणी, कडेला हळदकुंकवाचा चिखल. अंकलने वाकून वास घेतला आणि असा हसला की खोकला लागला. "नारळाचं पाणी! इंजिनला कशाला पाजता गं? हगवण लागली होती काय त्याला?"

तेव्हा मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. दसऱ्याची सकाळ आहे, गाडी धुऊन उभी आहे, तुम्ही नवा बनियन घातलाय, गाडीचं तोंड उघडलंय. मी नारळ फोडते आणि पाणी चाकावर सोडते. सगळ्या चाळीसमोर तुम्ही माझ्यावर ओरडता, "टायराक कित्या पाजतंस गो? धावता ता इंजिन!" आणि अर्धी वाटी माझ्या हातातून हिसकावून थेट इंजिनावर ओतता. तुम्ही गेल्यावरही मी दर दसऱ्याला तसंच केलं. एक थेंब चाकाला लागू दिला नाही. म्हणजे गाडी जुनी होऊन बिघडली नव्हती, आपण पूजा करून करून तिला मारत होतो.

ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानातून नवी कॉईल आणली, नवा प्लगही. खड्डा फडक्याने कोरडा केला, कॉईल दाबून बसवली, कनेक्टर टक्‌कन लागला. चावी फिरवली. बाबा, काय आवाज आला! एकसारखा, मऊ. अंकल स्टुलावरून म्हणाला, "जा, म्हातारीला चक्कर मारून आण." आईला वरळी कोळीवाड्यापर्यंत नेलं. वाटेत तिने एकदाच विचारलं, "आता दम नाय ना लागत?" "नाय," मी म्हटलं. भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. रात्री किती दिवसांनी आडवी पडल्या पडल्या झोपले.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. पुलावर ती आचके देत होती ना, तेव्हा मी गाडीला "बाबा, थोडं अजून, घर आलंच" असं म्हणत होते. आईने ऐकलं असेल.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, गाडीच्या खणातच ठेवीन. पण भाऊ आता दसऱ्याला येतोय आणि म्हणतो, बाबांची रीत मोडायची नाही, पाणी इंजिनावरच. माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तर आईच्या स्वप्नात या, माझ्या नको, मला सकाळी आठवत नाही. चाक की इंजिन, एवढंच तिला सांगा. खंडेनवमीच्या आत.