तिसरी बाटली

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
२० जुलै २०२४

ती. मंगलआक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही, आई आणि आप्पा खुशाल असाल. आम्ही खुशाल नाही हे ह्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. मी मुद्दाम फोन केला नाही. एक तर फोन आला की आप्पा स्पीकर लावतात आणि माझं रडणं निपाणीतल्या सगळ्या गल्लीला ऐकू जातं. दुसरं म्हणजे, मला जे म्हणायचं आहे ते तुम्ही एकदा ऐकून विसरू नये, पुन्हा पुन्हा वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी धारवाडला शिक्षकांच्या ट्रेनिंगला गेले ते सहा आठवडे स्वरूपला तुमच्याकडे ठेवलं. सख्खी आत्या पाळणाघर चालवते, मग परक्याच्या दारात का ठेवायचं, असं तुमच्या भावाचं म्हणणं. चौदा तारखेला, रविवारी, त्याला घरी आणलं. वीस महिन्यांचं पोर, जाताना घरभर धावत होतं. येताना बसल्या जागी पेंगत होतं, उभं केलं तर झोकांड्या खात होतं, जागं झालं की ओरडत होतं. मंगळवारी दुपारी तीन वाजता खाली घरमालकांचे विणकामाचे माग चालू होते आणि वर माझ्या मांडीवर तो ताठ झाला. डोळे पांढरे केले. शेजारच्या शामूने स्कूटरवरून टिळकवाडीच्या दवाखान्यात पोचवलं. तीन दिवस तिथे होतो. मेंदूला सूज आहे का बघायला पाठीच्या कण्यातून पाणी काढलं.

डॉक्टरांनी विचारलं, मुलाला काय देत होता. त्याच्या पिशवीत भूक वाढवायच्या औषधाची बाटली सापडली, असं मी त्यांना सांगितलं आणि बाटली दाखवली. ते म्हणाले, हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे, त्याने भूक लागते म्हणून लोक बारीक मुलांना सर्रास पाजतात. दोन वर्षांखाली देऊच नये. गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, तोल जातो, मूल चिडचिडं होतं आणि प्रमाणाबाहेर गेलं तर झटकासुद्धा येतो. पण निपाणीचं औषध रविवारी थांबलं असेल, तर मंगळवारचा झटका त्याच्या माथी मारता येत नाही, मेंदूचंच काही असणार, असं त्यांचं मत पडलं. म्हणून आता निदान वर्षभर फिटचं औषध. त्यानेही तो दिवसभर झोपतो.

डॉक्टर काहीही म्हणोत, माझं मत ठाम आहे. औषध कुणी दिलं, तेवढं मला कळवा. मी सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. उत्तर आलं की किती मागायचा ते ठरवीन.

तेजस्वी

॥ श्री ॥

निपाणी
२६ जुलै २०२४

चि. सौ. तेजस्वी हीस,
मंगलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू म्हटलंस तसं पुन्हा पुन्हा वाचलं. औषध मी दिलं. खोटं बोलून काय करू.

माझं पाळणाघर म्हणजे आपला पुढचा सोपा, तुला ठाऊक आहे. अकरा पोरं येतात, काही तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायकांची, काही बँकेतल्या आणि शाळेतल्या मॅडमची. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून या गावात मला जो काही मान आहे तो या पोरांमुळं. स्वरूप आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पहिल्याच दिवशी बँकेतल्या मॅडमनी विचारलं, हा कुणाचा. भाचा म्हटल्यावर त्या नुसत्या हसल्या. वखारीतली मनुबाई मात्र तोंडावर म्हणाली, आक्का, घरच्या पोराच्या अंगाला लागंना तुमचं, आमची काय पोसनार. ते मला लागलं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय बाटली आणली आणि रोज दुपारी वरणात एक चमचा घातला. चार दिवसांत पोरगा ताट पुसून खायला लागला. खाल्लं की झोपायचा. झोपायचा ते मला सोयीचंच होतं, हेही कबूल करते.

पुढचं ऐक. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आई आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून दुसरी बाटली घेऊन आली. ती रोज सकाळी दुधातून देत होती. एका घरात, एका चुलीपाशी आम्ही दोघी, आणि एकीचं दुसरीला माहीत नाही.

याला कारण आमच्या घराची रीत. आप्पा काविळीचं औषध देतात, त्यांच्या आज्ज्यापासून चालत आलेलं. पहाटे उठून पाला आणायचा, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, रोग्यानं काय आहे ते विचारायचं नाही आणि आपण सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. लहानपणापासून आमच्या डोक्यात तेच बसलंय. दुकानातल्या बाटलीलाही आम्ही दोघींनी तोच नियम लावला. तू शिकलेली आहेस, तुला हसू येईल. आप्पांना आलं नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत.

काय शिक्षा करायची ती कर. पण पोराला एकदा बघू दे.

इथून पुढं तुझी माया राहील असं म्हणवत नाही, तरी मागते.

मंगल

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
२ ऑगस्ट २०२४

ती. मंगलआक्का यांस,
सा. न. वि. वि.

एकीने नाही, दोघींनी. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट निघालं. मग मला फार बरं वाटलं, कारण आता माझ्या रागाला जागा मिळाली.

मला हसू आलं नाही, आक्का. बँकेतली बाई हसली म्हणून तुम्ही माझ्या पोराला गुंगी पाजलीत. तुमच्या दुकानाची पाटी त्याच्या अंगावर रंगवलीत. बारशाला आत्या म्हणून तुम्ही त्याच्या कानात नाव सांगितलंत आणि पाठीत धपाटे खाल्लेत, तेव्हा मीही हसून दोन जास्त घातले होते. आणखी चार घालायला हवे होते. ते नाव आता मी घरात घेत नाही, नुसतं बाळ म्हणते. ह्यांना ते आवडत नाही. त्यांना न आवडणाऱ्या पुष्कळ गोष्टी इथून पुढे होणार आहेत.

तुम्ही शिक्षा विचारलीत, तर सांगते. जे मला लिहिलंत ते स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहा. सोमवारी, बारा तारखेला, सगळ्या आयांना सोप्यात बोलवा आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचा. आई शेजारी उभ्या राहतील. वाचलं नाहीत, तर बालविकास खात्याच्या ऑफिसात माझा अर्ज जाईल. तो कानडीत लिहून तयार आहे आणि त्यातल्या चुका आमच्या हेडमास्तरांनी काढून दिल्या आहेत. आप्पांनी काविळीचं औषध बंद करावं. नाही केलं तर त्यांच्यासाठी दुसरा अर्ज लिहायला मला वेळ लागणार नाही.

बाळाला बघण्याचं विचारू नका. बघण्यासारखं काही नाही. सकाळी आणि संध्याकाळी मी माझ्या हाताने त्याला फिटचं औषध पाजते आणि तो झोपतो. आई म्हणायला शिकला होता, तेही हल्ली म्हणत नाही. असं वर्षभर चालायचं आहे. तुम्ही एक सोमवार उभ्या राहा.

लोभाचं या खेपेला राहू द्या.

तेजस्वी

॥ श्री ॥

निपाणी
१६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. तेजस्वी हीस,
मंगलचे आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी वाचलं. आई शेजारी उभी होती, मध्येच भिंतीला टेकली. मी शेवटपर्यंत वाचलं. बँकेतल्या मॅडमनी तिथल्या तिथं मुलीला उचललं. मनुबाई म्हणाली, म्हंजे आमच्या पोरान्लाबी पाजलंसा काय, आणि मी देवाची शपथ घेतली तरी कुणी ऐकून घेतलं नाही. बुधवारपर्यंत नऊ पोरं गेली. एक गंमत सांगते. रुक्माबाईची सून संध्याकाळी मागच्या दारानं परत आली आणि हळूच विचारायला लागली की त्या औषधाचं नाव काय, तिचंही पोरगं खात नाही. मी तिला हाकलली. आप्पांनी काविळीचं औषध बंद केलंय, दारात आलेल्याला दवाखान्याची वाट दाखवतात. तुझी शिक्षा पुरी झाली.

आता माझं ऐक. काल सोपा झाडून काढला. पोरांच्या पाट्या, वाट्या, सतरंज्या बांधून ठेवल्या आणि फडताळातली माझी बाटली फेकायला काढली. आईचीही मागून घेतली. दोन्ही हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं. माझी फडताळात होती, आईची पिठाच्या डब्यामागं. आम्ही पिशवीत काहीच घातलं नव्हतं. मग तुला पिशवीत सापडली ती कुठली?

मी माझ्या भावाला, युवराजला फोन केला आणि डॉक्टरांना दाखवलेल्या बाटलीचा फोटो मागितला. तो भोळा, लगेच पाठवला. त्यावर दुकानाचा शिक्का धारवाडचा आहे. धारवाडला आमच्यातलं कोण गेलतं, तेजस्वी?

तुला ठाऊक नसताना तू आमच्यावर आळ घातलास आणि तो खरा निघाला. तुझं नशीब आणि आमचं पाप. पण रविवारी आमचं औषध थांबलं तरी तुझं सुरू झालं, आणि मंगळवारचा झटका त्यातलाच असणार, एवढं माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळतं. डॉक्टरांना कळत नाही, कारण तू त्यांना सांगितलं नाहीस. म्हणून ते पोराला नसलेल्या दुखण्याचं औषध देताहेत आणि तू ते रोज दोनदा पाजतेस. आम्ही अडाणीपणानं पाजलं. तू जाणूनबुजून पाजतेस, तुझी अब्रू झाकायला.

आयांपुढं वाचलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. असतं तर तुझंही नाव वाचलं असतं. आता नऊ पोरं गेल्यावर माझ्याकडं राखून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढच्या शनिवारी, चोवीसला, पोराची तपासणी आहे असं युवराज म्हणाला. त्या दिवशी डॉक्टरांना तू सांग. सांगितलं नाहीस तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी येते, आणि सोमवारी दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बायकांपुढं उभी राहून सांगते. मोठ्यानं वाचायची मला आता सवय झालीय.

लोभ तू बंद केलास, मीही करते. पोरावरचा मात्र कुणाच्या सांगण्यानं बंद होणार नाही.

मंगल

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
२७ ऑगस्ट २०२४

ती. मंगलआक्का यांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी तुम्हाला शिव्या घालत होते. मग शनिवारी दवाखान्यात नंबर लागला आणि ह्यांच्यासमोरच सांगितलं. रविवारी त्याला घरी आणलं तेव्हा त्याने एक घास घेतला नाही. तुमच्याकडे हवं ते खातो असं तुम्ही फोनवर सांगत होतात आणि माझ्या हातचं तोंडात घेईना. धारवाडला माझ्या खोलीतल्या एका शिक्षिकेने सुचवलेली बाटली माझ्या पर्समध्ये होती. सोमवारी दोनदा दिलं, मंगळवारी सकाळी दिलं आणि दुपारीही जेवेना म्हणून पुन्हा दिलं, मोठ्या चमच्याने. तुमच्या घरची रीत मला माहीत होती आणि मी तिची थट्टा करायची. तरी ह्यांना सांगितलं नाही. गुण जाईल असं मलाही वाटलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, हे त्या दिवशी सांगितलं असतं तर पाठीत सुई घालावी लागली नसती. सुई घालताना त्याचे पाय मी धरले होते, आक्का. सगळं ठाऊक असून धरले होते. फिटचं औषध एकदम थांबवता येत नाही, हळूहळू कमी करणार आहेत. पहिला कमी डोस परवापासून सुरू झाला. हे माझ्याशी बोलत नाहीत. स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवतात.

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. आईंवरचाही गेलेला नाही. पण मी तुम्हाला एकटीला उभं केलं, आणि सोप्यात तुमच्या शेजारी तिसरी जागा माझी होती. येत्या सोमवारी रजा टाकून येते. नऊजणींना पुन्हा बोलवा, येणार नाहीत त्यांच्या दारात मी जाईन. कागद मी लिहून आणते, माझ्या अक्षरात. बाळालाही आणते. त्याला तुम्ही भरवायचं नाही, एवढी एकच अट.

आज दुपारी तो झोपला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी वरणभात कालवला तर त्याने माझा हात धरून दूर सारला, घास थुंकला आणि धावत दारापर्यंत गेला. मी ताट झाकून ठेवलं.

तुमच्याकडे लोभ मागायला सोमवारी स्वतः येते, कागदावर मागत नाही.

तेजस्वी