उंची धरायची राहिली

बाई, तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. मी अजून बारावी नापासच आहे, तेही तुमच्याच फिजिक्समध्ये, हे आधी सांगून टाकतो. मधे न्हावा शेव्याला कंटेनरवर चिठ्ठ्या चिकटवल्या, किहीमला कॉटेजच्या चादरी बदलल्या, कुठेच वर्ष भरलं नाही. आता दिघीच्या जेट्टीवर आहे. आगरदांड्याची फेरीबोट लागली की दोर धरायचा. आणि उद्यापासून... पण ते मागून सांगतो, मला त्याचीच भीती वाटतेय.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलताय, मी समोर वही घेऊन. चिमटीत दाबला की दाणा सालीतून सुळकन उडतो. एक माझ्या वहीवर पडला, तशा तुम्ही म्हणालात, "बघ. पुढे जाणं वेगळं, खाली पडणं वेगळं. एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत." हे मला त्या दाण्याने कळलं, वर्गात कळलं नव्हतं. तरी प्रत्येक गणिताला मी तोच एक रेंजचा, म्हणजे किती लांब पडेल त्याचा, फॉर्म्युला लावायचो, गच्चीवरून फेकलेल्या चेंडूलासुद्धा. शेवटी तुम्ही उठलात, ओट्याशी उभ्या राहिलात आणि तिथून दाणा उडवलात. बसल्या जागेवरून डब्यापर्यंत जाणारा दाणा थेट दाराबाहेर! "तो फॉर्म्युला सपाट जमिनीचा रे, गाढवा. फेकतोस कुठून ते आधी लिही. जितकं उंच, तितका पडायला वेळ, आणि तेवढ्या वेळात तो पुढे जातच राहतो." मग बिरड्याची वाटी पुढे केलीत. त्यात कोकम जरा जास्त झालं होतं, तुम्हीच म्हणालात. बघा, पुन्हा भरकटलो.

गेल्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी फेरीतून उतरताना एक म्हातारा शेवाळावरून घसरला आणि खाडीत गेला. ओढ समुद्राकडे. मी वर जेट्टीवर, बुडत्याला फेकायची लाल-पांढरी रिंग माझ्याच हाताशी. रिंग टाकायचा सराव मी केला होता, पण तो भरतीला, पाणी जेट्टीला जवळजवळ टेकलेलं असतं तेव्हा. आता तेच पाणी दोन पुरुष उंचीएवढं खाली. मला फक्त त्याचं पांढरं डोकं दिसतंय. त्या डोक्यावर नेम धरला आणि भरतीला तेवढ्या अंतराला लागतो तेवढाच जोर लावला. रिंग त्याच्यावरून पलीकडे गेली. गेला, मला वाटलं, माझ्यामुळे गेला. पण रिंगेचा दोर त्याच्या खांद्यावर पडला आणि त्याने तो धरला.

ओढून काढल्यावर फेरीबोट चालवणारा तांडेल माझ्या पाठीत थाप घालून म्हणाला, "आयला, असा टाक म्या न्हाय बघितला! रिंग पलीकडं, दोर खांद्यावर. डोक्यात बसली असती तर म्हातारा तिथंच गेला असता. कोन शिकवला रं तुला?"

"आमच्या बाई."

"पोहायच्या?"

"फिजिक्सच्या."

सगळे हसले. "मंग ठरला. हितनं फुडं रिंग ह्या फिजिक्सवाल्याकडं. दुसऱ्यांना पन ह्योच शिकवील."

काल त्याच्या कागदावर सही झाली, मला शिट्टीसुद्धा दिली. उद्यापासून म्हणालो ते हेच, बाई. आज दुपारी तो म्हातारा नारळ घेऊन आला आणि माझा हात सोडेचना. मी उंची हिशेबात धरलीच नव्हती. धरली असती तर रिंग नेमकी त्याच्या डोक्यात घातली असती. चुकलो म्हणून तो जगला आणि सगळ्यांना वाटतं मला येतं. इथे तर दर सहा तासांनी पाणी दुसऱ्याच उंचीवर. पुढच्या वेळी मी कशात चुकेन?

आज ओहोटीला दोराला दगड बांधून जेट्टीची उंची मोजली. वहीत पहिल्या ओळीत तीच लिहिली. पुढचं गणित उद्या सकाळी फेरी लागायच्या आत सोडवायचंय, आणि तांडेलाला खरं सांगायचंय. हा कागद कुठल्या पोस्टात टाकणार नाही. ह्याच्या आधीचा एक फाडला. त्यात मी तुम्हालाही लिहिलं होतं की रिंग उंची धरूनच टाकली.